उलटा वारा

इंग्रजीतल्या ‘रिबफ’ या शब्दात वारा आहे. त्याच्या कुळाचा शोध घेत मागे गेलं की इटालियनमधला ‘बुफ्फो’ भेटतो : वाऱ्याचा झोत, फुंकर, गालांत भरून सोडलेली हवा. त्याच्याआधी ‘रि’ लागला, म्हणजे उलट, परत. आता वापरातून गेलेल्या एका फ्रेंच शब्दाच्या वाटेने हा उलटा झोत सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरला. शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा. शेवटी ओठ दाताला टेकतात आणि हवा फुस्सकन समोरच्याच्या अंगावर जाते.

आज आपण त्याचा अर्थ घेतो तो झिडकारण्याचा. कोणी काही द्यायला, मागायला, बोलायला पुढे आलं तर त्याला आडपडदा न ठेवता तिथल्या तिथे परत लावायचं. वर्तमानपत्रांचा हा लाडका शब्द आहे. सहाच अक्षरं, अरुंद रकान्यात सहज मावणारी. एका देशाचा तहाचा प्रस्ताव दुसऱ्याने उडवून लावला की मथळ्यात तो येतोच. मला मात्र तो आवडतो वेगळ्या कारणासाठी. त्याच्यात समोरून चालत येणारा माणूस दिसतो. नुसतं ‘नाही’ बसल्या जागी म्हणता येतं, कागदाच्या कोपऱ्यात शेरा मारूनही म्हणता येतं. पण ‘रिबफ’ होण्यासाठी आधी कोणीतरी निघालेलं असावं लागतं. पाऊल टाकलेलं, हात पुढे केलेला, वाक्य अर्ध्यावर आलेलं. वाऱ्याचा मारा कळतो तो त्याच्याकडे तोंड करून चालणाऱ्यालाच. इंग्रजीत या शब्दाच्या सोबतीला काय काय येतं ते पाहिलं तरी हे ध्यानात येईल : मदतीची तयारी, मैत्रीचा प्रयत्न, प्रेमाची पहिली चाहूल, समेटाची बोलणी. सगळ्या कुणाकडे तरी निघालेल्या गोष्टी.

त्याच्या शेजारचे शब्दही अंगाने विचार करणारे आहेत. ‘स्पर्न’मध्ये पाय आहे. जुन्या इंग्रजीत तो लाथेने दूर सारण्याचा शब्द होता, आणि घोडेस्वाराच्या टाचेला असतो त्या काट्याशी, ‘स्पर’शी, त्याचं नातं आहे. ‘स्नब’ उत्तरेच्या नॉर्स लोकांकडून आला. खडसावणं, मध्येच तोडणं हा त्याचा मूळ अर्थ. खलाशांनी त्याला गलबतावर नेलं : हातातून सुटत चाललेला दोर खांबाला वेढा देऊन एकदम थांबवायचा, ते ‘स्नब’ करणं. भर बैठकीत बोलायला लागलेल्या माणसाला कुणी एका कटाक्षाने गप्प केलं की त्याला बसणारा हिसका तसलाच असतो. ‘रिपल्स’ हा तर लढाईवरचाच शब्द, चालून आलेल्या फौजेला मागे रेटण्याचा.

मराठीत आपण समोर कोण आहे ते पाहून क्रियापद निवडतो. अर्ज फेटाळतात, अपील फेटाळतात, आरोप फेटाळतात. माणसाला कुणी फेटाळत नाही, त्याला झिडकारतात. मागणी धुडकावतात. पद, पैसा, चालून आलेली संधी लाथाडतात, आणि त्या लाथाडण्यात बहुतेक वेळा सांगणाऱ्याचा अभिमान असतो. ‘फेटाळला’ म्हटलं की डोळ्यांपुढे कागद येतो, ‘झिडकारलं’ म्हटलं की चेहरा येतो. इंग्रजी शब्द कागदालाही तोच आणि चेहऱ्यालाही तोच. मथळ्यात त्याची सोय होते ती याचमुळे, आणि त्याच सोयीपायी प्रस्तावामागचा माणूस झाकला जातो. इथे आपली भाषा मला अधिक चोख वाटते.

आपल्याकडे उघड नकार टाळण्याच्याही रीती आहेत. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘पत्रिका जुळत नाही’, आणि मासिकांच्या संपादकांचं ‘साभार परत’. या शब्दांना खोटेपणा म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवत नाही. ‘साभार’ या तीन अक्षरांनी कितीतरी नवशिक्यांची लाज राखली असेल. परत आलेलं पाकीट उघडताना निदान एवढं कळायचं, की आपण पाठवलं यात काही वावगं नव्हतं.

वावगं वाटायला लावणं, हेच तर झिडकारण्याचं काम. कॉलेजात असताना वार्षिक अंकासाठी लेख मागायला मी एका नामवंत लेखकाच्या घरी गेलो होतो. दार अर्धंच उघडलं. मी नाव सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं, आणि त्यांचं कोणतं पुस्तक मला आवडतं ते सांगायला तोंड उघडलं, तोच ‘असल्या गोष्टींना मला वेळ नाही’ एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. वेळ नसणं हा त्यांचा हक्क होता. पण जिना उतरताना मला राग आला नाही, शरम वाटली. शरम मागितल्याची. त्यांच्या पुस्तकावरच्या माझ्या प्रेमाचीसुद्धा. राग यायला कितीतरी दिवस जावे लागले. तोवर कुणाच्याही दाराची बेल दाबताना बोट क्षणभर थबकायचं. नकाराने मागितलेली वस्तू मिळत नाही, एवढंच होतं. झिडकारण्याने मागणाऱ्याला स्वतःचं मागणंच नकोसं होतं, आणि पुढच्या दारापर्यंत जायची त्याची हिंमत आटते.

या शब्दाचं सगळ्यांत भव्य रूप मला मिल्टनपाशी सापडलं. ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे त्याचं महाकाव्य १६६७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या दुसऱ्या सर्गात सैतान नरकाचं दार ओलांडून पृथ्वीच्या शोधात निघतो. पुढे आकार नसलेली अथांग पोकळी आहे. पंखांखालची हवा एकाएकी नाहीशी होते आणि तो कोसळू लागतो. मिल्टन म्हणतो, तो आजही कोसळतच राहिला असता. पण आग आणि सोरा पोटात घेऊन खवळलेल्या एका ढगाचा तडाखा त्याला बसतो, आणि जितका खाली आला होता तितकाच तो वर फेकला जातो. त्या तडाख्यासाठी कवीने शब्द वापरला आहे ‘रिबफ’. भर पावसात जुन्नरजवळच्या नाणेघाटात जो उभा राहिला आहे, त्याला हे चित्र परकं वाटणार नाही. तिथे कड्यावरून खाली झेपावणारं पाणी कोकणातून चढणाऱ्या वाऱ्याच्या तडाख्याने मागे फिरतं, वर उडतं, आणि पाहणाऱ्याच्या तोंडावर पाऊस आभाळातूनही येतो आणि दरीतूनही.

म्हणून धक्का माणसाला वर नेतो, असं मला म्हणायचं नाही. मिल्टनलाही ते म्हणायचं नव्हतं, त्याने त्या तडाख्याला दुर्दैवच म्हटलं आहे. दारातून परतलेली बहुतेक माणसं मुकाट्याने घरी जातात. त्यांनी पत्रं लिहिलेली नसतात, लिहिली असली तरी कुणी जपलेली नसतात. ज्या थोड्यांनी लिहिली, त्यांच्यातल्या दोघांबद्दल मला इथे सांगायचं आहे.

पहिला सॅम्युअल जॉन्सन. त्याच्या शब्दकोशात ‘रिबफ’ या नोंदीखाली मिल्टनच्या याच ओळी दाखल्याला दिलेल्या आहेत. अर्थ त्याने दिला आहे तो आपटून परतण्याचा, एकाएकी झालेल्या प्रतिकाराचा. अर्थ लिहिणाऱ्या हाताला हा शब्द चांगला परिचयाचा होता.

१७२८ मध्ये जॉन्सन ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. गरिबी अशी, की बुटांतून पायाची बोटं बाहेर यायची. कुणीतरी नव्या बुटांचा जोड गुपचूप त्याच्या दाराशी ठेवला. तो पाहून जॉन्सन संतापला आणि त्याने तो भिरकावून दिला. बॉस्वेलने लिहिलेल्या चरित्रातला हा प्रसंग मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो. देणाऱ्याने केवढी काळजी घेतली होती! नाव लपवलं, समोर आला नाही. तरी घेणाऱ्याला ते सोसलं नाही. कारण त्याची बोटं कुणीतरी पाहिली होती, आणि पाहणारा कोण हे त्याला कधीच कळणार नव्हतं. चुकलं कुणाचं हे मला ठरवता येत नाही. दुसऱ्याने दिलेले कपडे घालून जे शाळेत गेले आहेत त्यांना ते भिरकावणं कळेल, आणि दबकत येऊन जोड ठेवून जाणाऱ्याबद्दलही त्यांच्या पोटात तुटेल. वर्षभरातच, १७२९ च्या डिसेंबरात, पैशाअभावी जॉन्सनने ऑक्सफर्ड सोडलं. पदवी राहिलीच.

लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी १७४६ मध्ये इंग्रजी भाषेच्या कोशाचं काम त्याच्यावर सोपवलं. मोबदला पंधराशे गिनी, आणि त्यातूनच लेखनिकांचा पगार भागवायचा. दुसऱ्या वर्षी त्याने कोशाचा आराखडा छापला आणि तो लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या उमरावाला उद्देशून लिहिला. त्या काळी ग्रंथाला एखादा आश्रयदाता असावा लागे. चेस्टरफील्डकडून एकदा दहा पौंड आले, पुढे काही नाही. जॉन्सन त्याच्या वाड्याच्या बाहेरच्या दालनांत ताटकळला, दारातून परत आला, आणि मग त्याने जाणंच सोडलं. गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर लेखनिकांच्या सोबतीने चिठ्ठ्यांवर उतारे उतरवले जात राहिले. तीन वर्षांत संपवायचं म्हणून घेतलेलं काम वाढत गेलं. १७५२ मध्ये त्याची बायको टेटी वारली.

कोश पुरा होत आला, त्याची बातमी गावभर झाली, आणि १७५४ च्या अखेरीस चेस्टरफील्डने ‘द वर्ल्ड’ या पत्रात त्याची शिफारस करणारे दोन लेख लिहिले. जॉन्सनचं उत्तर ७ फेब्रुवारी १७५५ चं आहे. पत्राच्या रीतिरिवाजात कुठे खोट नाही. सुरुवातीला मान आहे, शेवटी नम्र सेवक आहे. मध्ये तो एवढंच सांगतो, की आपल्या दारातून मला परत लावलं गेलं त्याला सात वर्षं झाली. त्या वाक्यात त्याने स्वतःसाठी फौजेवरचा शब्द वापरला आहे, ‘रिपल्स’. मग विचारतो, माणूस पाण्यात जिवाच्या आकांताने हातपाय मारत असताना जो थंडपणे पाहत राहतो आणि तो काठाला लागल्यावर मदतीचं ओझं त्याच्यावर टाकतो, त्यालाच आश्रयदाता म्हणतात का? आपली कृपा लवकर आली असती तर ती कृपा ठरली असती, असंही तो म्हणतो. आता तिचा आनंद घ्यायला मन उरलेलं नाही, ती सांगायला घरात कुणी नाही, आणि नाव झाल्यामुळे तिची गरजही नाही. मधलं कारण टेटीचं. तिचं नाव न घेता तो तिथून पुढे जातो, आणि ते वाचताना माझा श्वास दरवेळी अडतो. १५ एप्रिल १७५५ ला कोश बाहेर आला. दोन जाडजूड खंड, चाळीस हजारांवर शब्द, आणि आश्रयदाता कोणीही नाही.

चेस्टरफील्डने काय केलं? पत्र टेबलावर सर्वांना दिसेल असं ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवलं, कुठली वाक्यं किती जोरकस उतरली आहेत तेही दाखवलं. काहींना यात त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो. मला दिसतो तो वेगळाच अर्थ : त्याला लागलं नाही. तो जॉन्सनकडे गरज घेऊन गेलेलाच नव्हता. दोन लेख लिहायला त्याला वाड्याची एक पायरीसुद्धा उतरावी लागली नव्हती. वरून खाली आलेला झोत माणसाला वर्षानुवर्षं थिजवू शकतो. खालून वर गेलेला वाड्यातले पडदे हलवतो, फार तर पाहुण्यांना दाखवण्याजोगी एक चीज होऊन बसतो. इंग्रजी शब्दकोश या दोन्ही झोतांना एकच नाव देतात. मला ते पटत नाही.

हा जॉन्सन मराठीत आला तो चिपळूणकर पिता-पुत्रांच्या हातून. ‘रासेलस’ या त्याच्या कथेचं कृष्णशास्त्र्यांनी हाती घेतलेलं भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं, आणि १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त त्यांनी जॉन्सनवर विस्ताराने लिहिलं. कुणाच्या मेहरबानीवर न जगणारा हा लेखक त्यांना जवळचा वाटला यात नवल नाही. १८७९ मध्ये त्यांनी स्वतः सरकारी नोकरी लाथाडली. पण त्याच ‘निबंधमाले’त ते जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांवर तुटून पडले. त्यांची भाषा, त्यांचं व्याकरण, त्यांचा लिहिण्याचा अधिकार, सगळंच त्यांनी उडवून लावलं. दूरच्या लंडनमधला दारातून परत लावलेला माणूस त्यांना ओळखता आला. पुण्यातला ओळखता आला नाही. विष्णुशास्त्र्यांचं गद्य मी मनापासून वाचलं आहे, म्हणून याचं मला अधिक दुःख होतं.

कारण जोतीरावसुद्धा आश्रयाच्या दारात जाऊन आले होते. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली होती. १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. नाटकात एक गरोदर कुणबीण आहे, तिचा नवरा आहे, ग्रहदशा सांगून त्यांना लुबाडणारा जोशी आहे, एक पाद्री आहे, आणि सगळ्यावर मार्मिक बोलणारा विदूषक आहे. शेवटी नवरा-बायको लिहायला-वाचायला शिकण्यासाठी फुल्यांच्याच रात्रीच्या शाळेत जायला निघतात. कमिटीने ते नाटक स्वीकारलं नाही. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी पुढे १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलं आहे. नाटक दिलं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

तीस वर्षांनी निमंत्रण आलं. पुण्यात १८७८ मध्ये मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली होती, १८८५ मध्ये दुसरी भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना बोलावलं. हे दोघे एकमेकांचे वैरी नव्हते. दहा वर्षांपूर्वी दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली, सनातन्यांनी दंगा केला, तेव्हा फुले रानड्यांच्या बाजूला उभे होते. म्हणूनच फुल्यांचं उत्तर वाचताना ते वैराचं वाटत नाही. ते हिशेबाचं वाटतं. सुरुवातीला पत्र पोचल्याचा आनंद आहे, जॉन्सनच्या पत्रात असतो तसाच रिवाजाचा मान आहे. मग ते सांगतात, की जे लोक माणसाचे हक्क इतरांना खुषीने आणि उघडपणे देत नाहीत, आणि वागणुकीवरून पाहता पुढेही देतील असं दिसत नाही, त्यांच्या सभांचा आणि आमच्या सभांचा, त्यांच्या ग्रंथांचा आणि आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही. शूद्रातिशूद्रांवर काय काय गुदरतं ते त्यांच्या पुढाऱ्यांना कळणार नाही. तेव्हा त्यांच्यावर विसंबून न राहता आमचं कसं निभावेल त्याचा विचार आम्हीच करायला हवा. ‘घालमोडे दादा’ हे त्या पत्रातलं संबोधन मराठी वाङ्मयात कायमचं राहिलं. पत्र १८८५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आलं.

या पत्राला पुष्कळदा फटकळपणाचा, कडवटपणाचा नमुना म्हटलं जातं. मी ते नाटकाच्या शेजारी ठेवून वाचतो. एका माणसाने अठ्ठाविसाव्या वर्षी दारावर थाप मारली होती, हातात स्वतःचं लिखाण होतं, आणि त्या लिखाणात भाबड्या कुणब्याच्या घरातली पंचाईत होती. दार उघडलं नाही. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्याने शाळा चालवल्या, घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, सत्यशोधक समाज उभारला, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. आता आतली मंडळी दार उघडून म्हणत होती, या. त्यांच्या बोलावण्यात सद्भाव असेल, रानड्यांच्या तर होताच. पण जॉन्सनची टेटी जशी सात वर्षांत निघून गेली होती, तसं इथेही मधल्या काळात काही गेलं होतं. आत येऊन बसलं की आपलं होईल, हा विश्वास.

जॉन्सनला उशिरा का होईना, पुढे राजाकडून तनखा मिळाला, त्याचा कोश त्याच्या डोळ्यांदेखत घराघरांत गेला. फुल्यांनी त्या पत्राच्याच वर्षी ‘सत्सार’चे दोन अंक काढले, १८९० मध्ये ते गेले, आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मागे छापलं गेलं. दक्षिणा प्राइझ कमिटीने परत लावलेलं ‘तृतीय रत्न’ तसंच हस्तलिखितात पडून होतं. गरोदर कुणबीण, तिचा नवरा, जोशी आणि विदूषक छापील पानांवर येऊन मराठी वाचकासमोर उभे राहिले ते १९७९ मध्ये.